घनता मोजायची तर आकारमानाचं काय करायचं?

शाळेत घनतेचा प्रयोग बहुतेक ठिकाणी एकाच रीतीने होतो. दगड तराजूत तोलायचा, मोजपात्रात पाणी घ्यायचं, दोरा बांधून दगड आत सोडायचा, पाणी किती चढलं ते वाचायचं आणि भागाकार करायचा. सीबीएसईच्या नववीच्या प्रात्यक्षिकांत तानकाटा आणि मोजपात्र घेऊन हेच करायला सांगितलेलं असतं. महाराष्ट्राच्या आठवीच्या पुस्तकात ‘बल व दाब’ या पाठात घनता, सापेक्ष घनता आणि आर्किमिडीजचं तत्त्व शेजारीशेजारी भेटतात. सूत्र मुलांना पाठ असतं. तरीही एकाच दगडाची घनता एका गटाला सव्वादोन मिळते, दुसऱ्याला साडेतीन, आणि शेवटी वहीत पुस्तकातला आकडा उतरतो.

अशा वेळी दोष मुलांच्या हाताला दिला जातो, क्वचित त्यांच्या गणिताला. मला तो दोष आकारमान थेट मोजण्याच्या आपल्या हट्टात दिसतो. वस्तुमान मोजणं सोपं आहे. साधा तराजूही ते बऱ्यापैकी अचूक सांगतो. आकारमान मात्र हातात सापडत नाही. घनतेच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात जिथे भरवशाचं उत्तर मिळालं, तिथे बहुतेक वेळा कोणीतरी आकारमान सरळ मोजायचं टाळून आडवाट धरली होती. शाळेने नेमकी सगळ्यात कच्ची वाट निवडली आहे.

एका काचेच्या गोटीचं उदाहरण घेऊ. 16 मिलिमीटर व्यासाची गोटी, आकारमान सुमारे 2.1 घनसेंटिमीटर, वस्तुमान साधारण 5.4 ग्रॅम. ती 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात टाकली. पात्रावर दर मिलिलिटरला एक रेघ आहे. पाण्याची वक्र कड वाचताना अर्ध्या रेघेचा फरक कोणाच्याही डोळ्याला पडतो, आणि वाचायचं दोनदा आहे: गोटी टाकण्याआधी आणि नंतर. मग उत्तर 2 येईल, दीड येईल किंवा 3 येईल. भागाकार केला की घनता 1.8 पासून 3.6 पर्यंत कुठेही पडू शकते. आता त्याच पात्रात 50 मिलिलिटर पाणी घेऊन तशाच 20 गोट्या सोडा. काच तडकू नये म्हणून पात्र तिरपं धरून एकेक घसरू द्यायची आणि चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून सोडवायचे. पाणी 93 च्या आसपास थांबतं. वस्तुमान 107 ग्रॅम, आकारमान 43. वाचनात एका पूर्ण मिलिलिटरची चूक झाली तरी उत्तर 2.4 ते 2.6 च्या आत राहतं, आणि साध्या काचेची घनता 2.5 आहे. उपकरण तेच, मूलही तेच. फक्त मोजायची राशी मोठी केली. हे एवढं जरी वर्गात करून दाखवलं तरी मोजमापातली चूक म्हणजे काय हे मुलांना जन्मभर पुरेल इतकं कळतं. आपल्या प्रयोगवह्यांत याला जागाच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती आपल्यापर्यंत आली रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसच्या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथातून, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन शतकांनी. भांड्यातून किती पाणी सांडलं ते पाहून सोनाराची लबाडी पकडली, असं तो सांगतो. हिशेब करून पाहू. मुकुट एक किलोचा धरला आणि त्यात 300 ग्रॅम चांदी मिसळलेली आहे असं मानलं. शुद्ध सोन्याची घनता 19.3, चांदीची 10.5. एक किलो शुद्ध सोनं सुमारे 52 घनसेंटिमीटर जागा घेईल, भेसळीचा मुकुट सुमारे 65. फरक 13 घनसेंटिमीटरचा. मुकुट मावेल असं 20 सेंटिमीटर व्यासाचं भांडं घेतलं, तर पाण्याच्या पातळीतला फरक येतो 0.4 मिलिमीटर. ओल्या मुकुटाला चिकटलेलं पाणी आणि भांड्याच्या काठावर फुगून राहणारं पाणी एवढा फरक सहज गिळून टाकेल.

ही अडचण गॅलिलिओच्या लक्षात आली होती. 1586 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने ‘छोटा तराजू’ अशा अर्थाच्या नावाचा एक लहानसा निबंध लिहिला. आर्किमिडीजसारख्या माणसाने इतकी ढोबळ रीत वापरली असेल हे त्याला पटत नव्हतं. त्याच्या मते उत्तर आर्किमिडीजच्याच तत्त्वात होतं: मुकुट पाण्यात बुडवून तोला. तो जितकं पाणी बाजूला सारतो तितकं त्याचं वजन कमी भरतं. पातळीतल्या 0.4 मिलिमीटरच्या जागी आता 13 ग्रॅमचा फरक तराजूवर उभा राहतो, आणि 13 ग्रॅम कोणत्याही बऱ्या तराजूला सहज जाणवतात. आकारमानाचा प्रश्न वजनाच्या प्रश्नात बदलला.

गॅलिलिओच्या आधी मध्य आशियात हीच दिशा पकडली गेली होती. अकराव्या शतकात अल-बिरुनीने निमुळत्या मानेचं, तोटी असलेलं भांडं वापरून धातूंची आणि रत्नांची तुलना केली. तो पातळी वाचत बसला नाही, तोटीतून बाहेर पडलेलं पाणी त्याने तोललं. 1121 मध्ये अल-खाझिनीने तराजूवर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात अनेक पदार्थांचं विशिष्ट गुरुत्व नोंदवलं. पुढे प्रयोगशाळेत आलेली विशिष्ट गुरुत्वाची बाटली याच वळणाची: बाटली रिकामी तोला, पाण्याने भरून तोला, तेलाने भरून तोला. आकारमानाचा आकडा कुठेही डोळ्याने वाचावा लागत नाही.

शाळेला आज ही वाट पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्तात मोकळी आहे. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. दगडाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरायचा. काटा 52 दाखवतो असं समजा. दगडाला पाणी वर ढकलतं आणि दगड पाण्याला तितकंच खाली ढकलतो, म्हणून ते 52 ग्रॅम म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान, म्हणजेच दगडाचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. आता दोरा सैल सोडून दगड तळाशी टेकू द्यायचा. काटा 150 दाखवतो, ते दगडाचं पूर्ण वस्तुमान. 150 भागिले 52, उत्तर 2.88. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टची घनता याच पट्ट्यात, 2.7 ते 3.0 च्या दरम्यान असते.

तरंगणाऱ्या वस्तूंनाही हीच रीत लागू पडते, आणि तिथे ती अधिक सुंदर दिसते. सागाचा तुकडा पाण्यावर तरंगू दिला की काटा त्याचं वस्तुमान दाखवतो. मग टाचणीच्या टोकाने तो जेमतेम पाण्याखाली दाबला की आकडा वाढतो आणि त्याचं आकारमान दाखवतो. दोन आकड्यांचं गुणोत्तर साधारण 0.65 येतं. मेणबत्तीचा तुकडा 0.9 च्या आसपास, बटाटा 1.08 च्या आसपास. बाटल्यांच्या बुचापासून साबणाच्या वडीपर्यंत अर्ध्या तासात डझनभर वस्तू मोजून होतात, आणि भागाकार करण्याआधीच मुलांना दिसतं की वस्तुमानाचा आकडा आकारमानाच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर वस्तू तरंगते. माझ्या मते शाळेतल्या घनतेच्या पाठाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. सूत्र नंतर आलं तरी चालेल.

शाळेबाहेर ज्यांना घनतेवर पोट भरायचं असतं त्यांनी आकारमानाचा काटा कधीच काढून टाकला आहे. दुधाच्या संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर दुधात सोडतात आणि तो किती बुडाला ते वाचतात. वाचन 30 आलं तर दुधाची सापेक्ष घनता 1.030. गावोगाव याला दुधाची डिग्री म्हणतात. असं तरंगतं मापक फार जुनं आहे, इ.स. 400 च्या सुमारास सायरीनच्या सिनेसियसने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला पत्र लिहून अशाच एका उपकरणाची मागणी केली होती. फ्रान्समध्ये आंत्वान बोमेने अठराव्या शतकात ज्या मापकाला आकडे दिले, तेच बोमे अंश मिठागरांवर वापरतात. समुद्राचं पाणी आत घेतलं तेव्हा साडेतीन अंशांच्या आसपास असतं, एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना उन्हाने घट्ट होत जातं, आणि सुमारे 25 अंशांवर मीठ धरू लागतं. तेव्हा त्याची घनता 1.2 झालेली असते.

भातशेतीत तर घनता मोजतही नाहीत, नुसती तुलना करतात, आणि ती पुरते. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचं बियाणं ओतायचं. या 3 टक्के द्रावणाची घनता पाण्यापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी जास्त असते. पोकळ आणि रोगट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बियाणं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. मिठाचं प्रमाण वाढवलं तर निवड अधिक कडक होते. कोकणातल्या, मावळातल्या शाळेत घनतेचा पाठ पावसाळ्याच्या तोंडावर घेतला तर मुलांच्या घरचं बियाणंच प्रयोगाला मिळेल.

या व्यवहारांतून घनतेची आणखी एक बाजू कळते, जिच्याबद्दल शाळा अवाक्षर काढत नाही: घनता ‘नाही’ ठामपणे सांगते, ‘हो’ मात्र तितक्या खात्रीने सांगू शकत नाही. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटरचं वाचन घसरतं. पण आधी साय काढली तर ते वाढतं, कारण दुधातलं स्निग्ध पाण्यापेक्षा हलकं असतं. साय काढलेल्या दुधाचं वाचन 36 असेल, तर त्याच्या 100 लिटरमध्ये 20 लिटर पाणी घालून ते पुन्हा 30 वर आणता येतं. नुसत्या लॅक्टोमीटरला ते चांगलंच दूध वाटेल. म्हणून संकलन केंद्रावर डिग्रीबरोबर फॅट मोजणं भाग असतं, आणि गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (स्निग्ध सोडून उरलेले घन घटक) अशा दोन आकड्यांवर ठरतो. सोन्याचंही तसंच. टंगस्टनची घनता 19.25 आहे, सोन्याच्या इतकी जवळ की त्याचा गाभा असलेली लगड पाण्यात तोलून ओळखू येणार नाही. ‘घनता हा पदार्थाचा गुणधर्म आहे, त्यावरून पदार्थ ओळखता येतो’ असं मुलांना सांगताना हा अपवाद त्याच दिवशी सांगायला हवा.

तापमानाची गोष्टही शाळेत एका वाक्यात उरकली जाते. पेट्रोल पंपावर घनता तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तिथे हायड्रोमीटर आणि थर्मामीटर दोन्ही एकाच जारमध्ये बुडवतात आणि तक्त्यावरून वाचन 15 अंश सेल्सिअसच्या घनतेत बदलतात. टँकरबरोबर आलेल्या नोंदीपेक्षा हा आकडा घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त इकडेतिकडे चालत नाही. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. 35 अंशांच्या दुपारी तापमानाची दुरुस्ती केली नाही तर फरक पंधरा किलोंच्या वर जाईल आणि निर्दोष पेट्रोल भेसळीचं ठरेल. पाण्यात हा फरक कमी असला तरी असतोच: 4 अंशांना घनता जवळजवळ नेमकी 1, 30 अंशांना 0.9957. शाळेच्या तराजूला तो जाणवणार नाही. पण पाण्याची घनता 1 का, याचं उत्तर जाणून घेण्यासारखं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच एक घनसेंटिमीटर पाण्यावरून केली गेली. तो आकडा निसर्गातून आलेला नसून माणसांनी ठरवलेला आहे, हे कळलं की ग्रॅम आणि घनसेंटिमीटरमध्ये काढलेली घनता आणि सापेक्ष घनता यांचा आकडा सारखाच का येतो हेही कळतं.

आता ज्या वस्तूंना पाणी चालत नाही त्यांच्याकडे वळू, कारण रोजच्या वस्तूंत त्याच जास्त असतात. वीट पाण्यात टाकली की बुडबुडे सोडत पाणी पिते. चांगल्या भाजक्या विटेलाही स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा मानकात आहे. मग विटेची घनता काढताना आतली छिद्रं विटेत धरायची की बाहेर? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. भिंतीचा भार काढायचा तर छिद्रांसकट, माती कशाची आहे ते पाहायचं तर छिद्रं वगळून. गुळाचा खडा पाण्यात विरघळतो. त्यासाठी पाण्याऐवजी तेल घ्यावं. पावाचं आकारमान मोजताना बेकरीच्या प्रयोगशाळांत मोहरीच्या जातीचं बारीक बी वापरतात: डबा बियांनी काठोकाठ भरायचा, मग पाव आत ठेवून पुन्हा भरायचा, उरलेलं बी मोजायचं. शाळेत राजगिऱ्यावर हे काम होतं.

धान्याच्या राशीचा प्रश्न तर आपल्या आजी-आजोबांच्या रोजच्या व्यवहारातला होता. शेर, अधोली, पायली, मण, खंडी या मापांनी धान्य आकारमानावर मोजलं जाई. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर साळ वजनाला सारखी भरत नाही. माप थोपटून भरलं की हलक्या हाताने, यावरही वजन बदलतं. तांदळाच्या एका दाण्याची घनता 1.4 च्या आसपास असते, पण तांदळाच्या राशीची 0.8 च्या आसपास, कारण जवळजवळ निम्मी जागा हवेची असते. गव्हाच्या व्यापारात आजही शंभर लिटर गहू किती किलो भरतो हे प्रतीचं माप धरतात, कारण भरलेला दाणा जास्त वजन देतो. घरात जुनी पायली किंवा शेर असेल तर तो वर्गात आणून ज्वारी, तांदूळ, मूग, लाह्या भरून तोलायला लावावं. राशीची घनता आणि दाण्याची घनता यांतला भेद मी तरी यापेक्षा सोपा करून सांगू शकणार नाही.

मुलांच्या मनात हे सगळं कसं घडतं यावर बराच अभ्यास झाला आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मते आकारमान टिकून राहतं ही समज वस्तुमानाच्या समजेपेक्षा बरीच उशिरा, अकरा-बाराव्या वर्षी येते. 1985 मध्ये कॅरल स्मिथ, सुझन केरी आणि मारिअ‍ॅन वायझर यांनी दाखवलं की लहान मुलांच्या मनात वजन आणि घनता सुरुवातीला वेगळ्या झालेल्याच नसतात. थर्मोकोलचा अगदी बारीक कण घेतला तर त्याला वजनच नाही, असं बरीच मुलं सांगतात. ज्याला कणाचं वजन शून्य वाटतं त्याला वस्तू अर्धी केली तरी घनता तीच राहते हे कसं पटणार? म्हणून मेणबत्तीचा मोठा तुकडा तरंगतो तर नखाएवढा काय करेल, आणि साबणाची वडी बुडते तर तिचा कीस काय करेल, हे आधी सांगायला लावून मग पाण्यात टाकून पाहणं फार मोलाचं आहे. ब्रिटनमध्ये मायकेल शायर आणि सहकाऱ्यांनी आकारमान आणि जडपणा यांवरची एक जुनी चाचणी 1975 ते 2003 या काळात पुन्हापुन्हा वापरली. अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे गुण बरेच घसरलेले दिसले, आणि सुरुवातीला मुलींपेक्षा पुढे असलेल्या मुलग्यांची आघाडी पुसली गेली. पाणी, वाळू, माती यांत हात घालून खेळणं कमी झाल्याशी याचा संबंध असू शकतो, असं त्यांनी सुचवलं. महाराष्ट्रातल्या शाळांतही अशी मोजणी वरचेवर व्हायला हवी.

वायूंकडे शाळा फारशी वळत नाही, आणि तिथे मला सर्वात जास्त चुटपुट लागते. एक लिटर हवा सुमारे 1.2 ग्रॅम भरते. 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच वर्गात 170 किलोंहून जास्त हवा असते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपटीहून जड, म्हणून गळती झाली की तो जमिनीलगत साठतो. हे प्रत्येक घरातल्या मुलाला माहीत असायला हवं. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड रॅलेने नायट्रोजनची घनता मोजली. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन लिटरला 1.2572 ग्रॅम भरला, रासायनिक संयुगांतून मिळवलेला 1.2505. हा फरक हजारात पाच-सहाचा. रॅलेने दोन्ही रीती पुन्हापुन्हा करून पाहिल्या, फरक तसाच राहिला, आणि विल्यम रॅमसेबरोबर शोध घेतल्यावर 1894 मध्ये हवेतून आरगॉन हा नवा वायू हाती आला. 1904 मध्ये रॅलेला भौतिकीचं आणि रॅमसेला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत तो फरक टिकला नसता. पुस्तकातल्या उत्तराशी जुळण्यावर गुण असतात, म्हणून मुलं वाचन बदलतात, आणि ते शिक्षकांना कळतं. गुणांची वाटणी वेगळी करता येईल. पाण्याचं तापमान, काट्याचा सर्वांत लहान भाग आणि तीनदा घेतलेली तिन्ही वाचनं जशीच्या तशी, एवढं वहीत असलं की निम्मे गुण द्यावेत. उरलेले निम्मे या प्रश्नाच्या उत्तराला: पाच गटांची पाच उत्तरं फळ्यावर आहेत, त्यांतला कोणता फरक वाचनाचा असू शकतो आणि कोणता खरंच दगडांतला? त्यासाठी पाच गटांना एकाच खाणीतले वेगवेगळे दगड द्यावेत, आणि त्यांत एखादा सच्छिद्र, पोकळ्या असलेला बेसॉल्ट मुद्दाम घालावा.